बंद जन्मलेलं फोल्डर

२४ जुलै
सिद्धेशने आज सर्व्हरचा मास्क, म्हणजे फायली कोणाला उघडता येतील ते ठरवणारा आकडा, बदलला – ०२२ चा ०७७. "कोणीही कुणाच्याही फायली उघडतं. आता बंद!" आमच्या मच्छीमार सोसायटीत संगणक सांभाळणारे आम्ही दोघंच. मी लगेच माझा भोंगा तपासला – त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये इशारा पडला की तो आपोआप वाजतो. हवामानाचा खोटा इशारा जुलैच्या फोल्डरमध्ये टाकला, बंदरावर भोंगा वाजला. झालं काम.
बाबा लेकीचं कौतुक म्हणून गावभर सांगतात, "माज्या चेडवाचो भोंगो." हल्ली होडी काढताना आभाळाकडे बघतसुद्धा नाहीत.

९ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा. समुद्राला नारळ दिला. उद्या आमची होडी निघेल. बाबांचा गुडघा धरलाय, म्हणून शेजारचा लवू नेणार.

१० ऑगस्ट
सकाळीच वारा फिरला. भोंगा गप्प. लवू अजून आलेला नाही.

११ ऑगस्ट
कारण सापडलं. सापडलं नसतं तर बरं, असं वाटतंय.
मास्क जुन्या फोल्डरला हात लावत नाही. नवं बनतं तेव्हाच त्याच्या परवानग्या कापतो. जुलैचं फोल्डर मास्क बदलण्याआधीचं, म्हणून चाचणीत सगळं सुरळीत! एक तारखेला हवामानाच्या प्रोग्रामने ऑगस्टचं नवं फोल्डर बनवलं – फक्त स्वतःपुरतं उघडं. भोंग्याचा प्रोग्राम वेगळ्या युजरखाली चालतो, त्याला आत जाताच येईना. कालचा इशारा पहाटेच येऊन पडला होता. आत.
मी एक नवं फोल्डर बनवून बघायला हवं होतं. एवढंच. स्वतःची चीड येते.
सिद्धेश म्हणाला, "बाहेर बोलू नकोस."
लवूची आई, कृष्णाबाई, किनाऱ्यावर बसून आहे. मला बघून म्हणाली, "भोंगो वाजाक नाय गो?" मी नुसती मान हलवली.

१२ ऑगस्ट
होडी शिरोड्याला लागली. पालथी. लवू नाही.
घरी कोणी जेवलं नाही.

१३ ऑगस्ट
बाबांना सगळं सांगितलं. मास्क, फोल्डर, माझी अर्धवट चाचणी. वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.
गुडघा चोळत म्हणाले, "लवू जाऊक तयार नव्हतो. पश्चिमेक आभाळ काळा दिसता, असा तो म्हणत होतो. मियाच तेका सांगलंय – माज्या चेडवाचो भोंगो गप आसा, जा बिनघोर."