फुलसावंगीचा निरोप

बाभुळगाव,
ता. ११ फेब्रुवारी १९६३

चि. पुंडलिक,

ताईचा आशीर्वाद. आम्ही इकडे मजेत आहो. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे, तूर खळ्यावर पडली आहे, आन् तुहे भाऊजी सकाळपासून बैलावर ओरडून राह्यले, म्हणजे तब्येत ठणठणीत आहे. बाबांचा खोकला कमी झाला का? त्यायले अडुळशाचा काढा देजो, विड्या देऊ नोको.

तुहं पत्र पोचलं. चार ओळीचं. "ताई, तू फुलसावंगीले जाऊन देवकाले सांग, होळीच्या आत घरी आली तर ठीक, नाही तर पंच बसवून सोडचिठ्ठी देतो." बायकोले माहेरी जाऊन आठ महिने झाले, आन् तुले चार ओळी सुचल्या.

हा निरोप मी नेणार नाही. काहून, ते पुढं सांगते. आधी मी म्हणते ते कर. पुढच्या गुरुवारी, २१ तारखेले, वणीहून पहिल्या मोटारीनं यवतमाळले ये. स्टँडच्या मागच्या गल्लीत एक लहान दवाखाना आहे. त्याच्या मागच्या खोलीत दर गुरुवारी सॅम्युएलबाई बसतात. नवराबायकोचं बिनसलं की त्यायचं ऐकून घ्यायचं, हेच शिकून आल्या त्या मुंबईहून. असं शिक्षण असते हे मलेही माहीत नव्हतं.

मले कसं ठाऊक म्हणशील, तर आम्ही दोघं पाच वेळा जाऊन आलो. गावात सांगतो, गुडघे दाखवाले जातो. तू कोणाजवळ बोलू नोको.

तिथं काय होते ते सांगून ठेवते, नाही तर भाऊजीसारखी फजिती करून घेशील. हे पहिल्या दिवशी साक्षीदार घेऊन गेलते. रामधन आन् डोंगरसिंग, दोघंही फेटे बांधून, बायकोचीच चूक आहे असं सांगाले तयार. यायले वाटलं तिथं पंचायतच बसते. सॅम्युएलबाईनं दोघायले चहा पाजला आन् बाहेर कडुलिंबाखाली बसवलं. तू एकटाच ये. चूक कोणाची, हे तिथं कोणी ठरवत नाही. दंड नाही, औषध नाही, नाडीसुद्धा पाहत नाही.

खोलीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या आहेत, एक नवऱ्याची, एक बायकोची. बाई बाजूले बसतात. तू त्यायच्याकडे पाहून म्हणशील, "हिले सांगा ना." त्या म्हणतील, "ती समोरच बसली आहे, तिलाच सांगा." पहिल्या अर्ध्या तासात तर मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचून काढलं. बाईले घाई नसते, त्या गप्प बसल्या म्हणजे रागावल्या असं समजू नोको. पहिल्या दिवशी वाटन, दिवस वाया गेला. दुसऱ्या खेपेले भांडण जास्तच होईल. आमचं परतीच्या मोटारीत झालं, कंडक्टरनं हटकलं. तरी जाणं सोडू नोको. जखम धुताना झोंबतेच.

आन् एक नियम आहे. समोरच्यानं जे म्हटलं ते आधी जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. त्यानं "हो, हेच" म्हटलं की मग आपलं बोलायचं. सोपं वाटते ना? करून पाह्य. तिसऱ्या खेपेले तुहे भाऊजी म्हणाले, "तू दोन वर्षं माहेरी राह्यली, मले भाकर गोड लागली नाही." मी म्हणून दाखवलं, "रांधणारी नव्हती म्हणून तुमचे हाल झाले." बाई म्हणाल्या, "विमलताई, हे त्यांचं बोलणं नाही." तीनदा म्हटलं, तीनदा मी त्यात आपलं काहीतरी घुसवलं. चौथ्यांदा नीट म्हटलं, तर हा एवढा मिशावाला माणूस डोळे पुसाले लागला.

हो, दोन वर्षं. मी तुह्या घरी तब्येतीसाठी राह्यली नव्हती. भांडून आलती. बाबांचा मान खाली जाऊ नये म्हणून खोटं सांगितलं. नांदाले परत आली तरी भांडण मिटलं नव्हतं, म्हणून तर सॅम्युएलबाईकडे गेलो.

त्या दिवशी घरी येईपर्यंत मले देवका आठवून राह्यली होती. मागच्या पेरणीची गोष्ट. तू वावरातच मुक्कामी होता, बाबा दिवसभर ओसरीवर, त्यायच्यासमोर सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नाही. तुमच्या दोघायचे निरोप मीच न्यायची, मीच आणायची. तिनं मले सांगितलं होतं, "त्यायले विचारा, वडील आजारी आहेत, चार दिवस जाऊन येऊ का?" मी तुले येऊन सांगितलं, "जाते म्हणते." तू म्हणाला होता, "जा म्हणा, पोळ्याले मी स्वतः घ्याले येतो." मी तिले एवढंच सांगितलं, "जा म्हणाला." आन् तुले परत येऊन म्हटलं, "घ्याले यायची गरज नाही म्हणते."

हे तिचं बोलणं नव्हतं, पुंडलिक. माहं होतं. तुमचं चांगलं चाललेलं मले पाहवत नव्हतं. माहा नवरा दोन वर्षांत एकदाही दारात आला नव्हता, आन् तू बायकोले घ्याले जाणार होता. मले जळफळाट झाला.

मग ती तिकडे तुही वाट पाहत बसली, घ्याले कोणी आल्याशिवाय सासरी यायचं कसं? आन् तू इकडे अपमान धरून बसला. त्यात दोघायचाही दोष नाही. दोष मधल्या माणसाचा आहे.

तुहं पत्र आल्याबरोबर मी देवकाले लिहिलं. माहं पाप लिहिलं, तुहा एक शब्दही त्यात घातला नाही, आन् एकवीस तारखेले यवतमाळले ये म्हटलं. माह्या उत्तराले पंधरा दिवस लागले ते त्याच्यासाठी. काल तिचं पत्र आलं. तिनं मले माफ केलं नाही, बरोबरच आहे तिचं. पण भावाले घेऊन ती येणार आहे.

पत्राच्या शेवटी तिनं तुह्यासाठी काही लिहिलं आहे, "त्यायले सांगा" म्हणून. ते मी सांगत नाही. गुरुवारी समोरच्या खुर्चीत बसून तिच्या तोंडून ऐक. ऐकलं की आधी जसंच्या तसं म्हणून दाखव.

माह्यावर मग किती रागवायचं ते रागव. मी घरीच आहे.

आजपासून निरोप न नेणारी, नुसती तुही बहीण,
विमल