म्हशीच्या बदल्यात सुपरचार्जर

८ नोव्हेंबर १९७२, बुधवार

बारशाहून परत आलो. मुलगा माझ्यावर गेला आहे. सासूबाई नाही म्हणाल्या, पण त्यांना दिसतं कमी.

मिरजगावातून सासुरवाडीला जायचं म्हणजे चार एस.टी. बदलायच्या. थेट भंडारदऱ्याच्या पायथ्याला गाव. शेवटच्या गाडीत माझ्या मांडीवर एका परक्या बाईची कोंबडी होती. उतरतो तर अंगणात साडू राधाकृष्ण अँबॅसडरला टेकून उभा. गाडी कारखान्याची, ड्रायव्हर कारखान्याचा, पेट्रोलही कारखान्याचं. तरी आमचे सासरे कारभारी यांनी मला 'या' म्हणायच्या आधी गाडीवर गोणपाट टाकायला सांगितलं, ऊन लागेल म्हणून. मला कुणी सावलीत बसा म्हणालं नाही.

संकल्प: रथसप्तमीच्या आत छबूला आणि बाळाला स्वतःच्या मोटारीतून घरी आणायचं. पोराचं पहिलं बोरन्हाण आपल्या ओट्यावर, डोक्यावरून बोरं-चुरमुरे ओतताना मी शेजारी बसलेला. छबूला तसा शब्द देऊन आलो. ती म्हणाली, मोटारीचं ऱ्हाऊ द्या, म्हशीला येळेवर पानी दावा. बाळंतिणीला अशा वेळी फारसं सुचत नाही.

१४ नोव्हेंबर

दुकानात बसून सखोल विचार केला. भाड्याच्या सायकली अकरा, गिऱ्हाईक एक. त्यामुळे विचाराला वेळ भरपूर. मोटार आणि सायकल यांत तत्त्वतः फरक दोन चाकांचा. बाकी ब्रेक, वंगण, हवा तेच. मी आठ वर्षं हवा भरतो आहे.

अँबॅसडर बजेटात बसत नाही. बसली असती तरी घेतली नसती. साडूकडे आहे तीच घेण्यात काय अर्थ?

१९ नोव्हेंबर, रविवार

जनावरांचा दलाल सहादेव भेटला. यंदा पाऊस नाही, कडबा नाही, जनावरं कुणी घेत नाही, म्हणून तो हाती लागेल ते विकतो. नगरच्या कॅम्पातले कुणी मेजरसाहेब बदलून गेले, जाताना त्यांची विलायती गाडी याच्या पदरात पडली. दोन सीट, कापडी टप, शर्यतीची जात. आणि तिला सुपरचार्जर आहे. म्हणजे इंजिनाला जबरदस्तीने हवा पाजणारा पंखा. आपण फुंकणीने चूल फुंकतो तशी ही गाडी स्वतःला फुंकते. साहेब नगरहून पुण्याला दीड तासात जात म्हणे.

हवेचा प्रश्न म्हणजे माझाच विषय.

गोठ्यातल्या म्हशीकडे आज वेगळ्या नजरेने पाहिलं. सासऱ्यांनी दिली, बाळ-बाळंतिणीला घरचं दूध हवं म्हणून. हेतू चांगला. पण बाळ अजून तिकडे आहे, आणि म्हैस इकडे रोज खाते.

२५ नोव्हेंबर, शनिवार. जनावरांचा बाजार

गाडी पाहिली. म्हशींच्या रांगेत उभी होती. मूळ रंग लाल, हे जवळून बघितल्यावर कळतं. सहादेवने बॉनेट उघडून दात दाखवल्यासारखे चार प्लग दाखवले. मीटरवर नव्व्याण्णव हजार नऊशे मैल. मी म्हणालो, जरा जास्त वाटतात. तो म्हणाला, बसून ऱ्हायलेलं जनावर चांगलं का कामातलं, तुमीच सांगा. शिवाय मीटर संपत आला हाय, आता परत पयल्यापासून सुरू. हे मला पटलं.

मग उपरण्याखाली हात. इथे भाव तोंडाने बोलत नाहीत, उपरण्याखाली बोटं दाबून सांगतात, म्हणजे बघणाऱ्यांना कळत नाही. त्याने बोटं दाबली. मला ती भाषा येत नाही, पण चारचौघांत तसं दाखवणं बरं दिसत नाही. मुरलेल्या माणसासारखी मान हलवली.

हात बाहेर आल्यावर सहादेवने कानात सांगितलं तेव्हा समजलं. माझ्या मनात नुसती म्हैस होती. मी कबूल केलं होतं म्हैस, तिची पारडी आणि वर सातशे रुपये. बघणाऱ्यांना नाही कळलं ते ठीक. मलाही नाही कळलं. पण उपरण्याखालचा शब्द मोडणाऱ्याला बाजारात कुणी उभं करत नाही.

आईविना पारडी ठेवून तरी काय करायची होती? तिच्याच दृष्टीने बरं झालं.

२६ नोव्हेंबर

सहादेव म्हैस सोडून घेऊन गेला. पारडी मागून उड्या मारत गेली. आईने (माझ्या) ओसरीत बसून सगळं पाहिलं. म्हणाली, रंगा, म्हशीचं दूध काडता येतं, ह्याचं काय काडनार? मी समजावून सांगितलं की म्हैस उभी असली तरी खाते, गाडी उभी असली तर काहीच खात नाही. आई म्हणाली, मंग उभीच ठेव.

छबूला इतक्यात कळवत नाही. तिला आश्चर्याचा धक्का द्यायचा आहे.

३ डिसेंबर, रविवार

ड्रायव्हिंगचा पहिला धडा. गुरू: इब्राहिम. दुष्काळात गावाला पाणी आणणारा टँकर तोच चालवतो. या गाडीत बसल्यावर त्याचे गुडघे हनुवटीला लागले.

वेग विलक्षण. चावडीपासून वेशीपर्यंत किती वेळ लागला सांगता येत नाही, कारण तेवढा वेळ माझे डोळे मिटलेले होते. इब्राहिम म्हणाला, रंगाभाऊ, चालवताना डोळे उघडे ठेवत्यात. वेशीजवळ गाडी आपोआप थांबली. ब्रेक उत्तम असावेत.

आवाज मात्र राजेशाही. मळकरांची शेळी अजून सापडलेली नाही.

१० डिसेंबर

बारीकसा दोष सापडला. रेडिएटर गळतो. गाडी पेट्रोल पिते त्याच्या चौपट पाणी पिते. इब्राहिमने उपाय सांगितला: रेडिएटरमध्ये हळद टाकायची, भोकं बुजतात. स्वयंपाकघरातली सगळी हळद टाकली. आता पिवळं गळतं.

आजपासून पिठलं पांढरं.

१९ डिसेंबर

मन खिन्न. टँकर आला होता. बायका हंडे लावून रांगेत. इब्राहिमने मैत्रीखातर एक बादली माझ्या गाडीत ओतली. मागच्या बाजूने ओतली असती तर कुणाला दिसली नसती. पण रेडिएटर पुढे असतो.

आधी सगळ्यांनी माना वळवल्या. मग आमच्या आळीतल्या लंकाबाईने हंडा खाली ठेवून विचारलं, आमच्या पोरांना दीड हंडा आन् ह्याच्या बाहुलीला बादली व्हय? रांगेत आई होती. तिने पदर पुढे ओढला आणि हंडा न भरताच घरी गेली.

जेवायला बसलो तर तांब्या रिकामा. आई म्हणाली, तुझ्या वाटनीचं पानी गाडीनं पिलं. पांढरं पिठलं आणि कोरडी भाकरी घशाखाली उतरत नाही, हा शोध लागला. लाज वाटली. पण लाज वाटून गाडी म्हैस होत नाही.

१ जानेवारी १९७३

नवीन वर्षाचे संकल्प:
गावात गाडी चालवायची नाही.
गाडीला माझ्या आंघोळीचं पाणी घालायचं.
आंघोळ करायची नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगूळ द्यायला कुणी आलं नाही. साखर महाग आहे.

छबूचं कार्ड आलं. मास्तरांच्या पोरीकडून लिहवलंय. बाळ हसतं. म्हैस किती दूध देते, पारडी केवढी झाली, असं विचारलंय. मी लगेच उत्तर टाकलं: तब्येत उत्तम आहे. कुणाची ते लिहिलं नाही. खोटं लिहायचं नाही हे तत्त्व.

३ फेब्रुवारी, शनिवार, सकाळ

निघालो. आईने गाडीवर नारळ फोडला नाही. म्हणाली, खोबरं आमटीला होईल. शेजारच्या सीटवर दुपटं, झबलं आणि पत्र्याचा खुळखुळा. येताना तिथे छबू बसलेली असेल, मांडीवर बाळ. गाव बघेल.

नगर दुपारच्या आत. सासुरवाडी दिवेलागणीला.

त्याच दिवशी, दिवेलागण, राहुरीच्या अलीकडे

गाडी दर चार-पाच मैलांनी उकळते. थांबायचं, वस्तीवर जायचं, पाणी मागायचं. इथेच घोळ झाला. दुष्काळ असो नसो, दारात आलेल्या वाटसरूला लोक पाण्याला नाही म्हणत नाहीत. आतून तांब्या येतो, वर गुळाचा खडा येतो, आणि घरचं माणूस तुम्ही पिईपर्यंत समोर उभं राहतं. घरात घोटभर उरलेलं पाणी असं हातात दिल्यावर ते गाडीला हवं आहे हे सांगायला तोंड उघडत नाही. पिऊन टाकलं. पुढच्या वस्तीवर पुन्हा तेच. एका म्हातारीने तर दुसरा तांब्या आणला, म्हणाली, लेकरा, लई तान्हेला दिसतुस.

माझं पोट तडस लागेपर्यंत भरलेलं आणि गाडी कोरडी ठाक. शेवटी जे पाणी उरलं होतं तेच, बाभळीच्या आडोशाला, रेडिएटरात घातलं. तपशील लिहीत नाही. पण त्यावर गाडी दोन मैल गेली, हे गाडीच्या बाजूने लिहिलं पाहिजे.

मग आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. आता फुंकत नाही, नुसती धापा टाकते.

४ फेब्रुवारी

साडूचा कारखाना राहुरीलाच, गाडी धापा टाकत तिथवर पोहोचली. रात्री त्याच्याकडे मुक्काम. एक अक्षर टोचून बोलला नाही, अंथरुणावर धुतलेली चादर घातली. त्याच्या चांगुलपणाचा मला फार त्रास होतो.

कारखान्याचा रिकामा ट्रक अकोले भागात ऊस आणायला निघाला होता, त्याच्यामागे गाडी दोरखंडाने बांधून दिली. संगमनेरच्या पुढे मीटर फिरला. पाचही जागी शून्य. आजपासून गाडी नवी. हा क्षण बघायला शेजारी कुणी नव्हतं, नुसता खुळखुळा.

५ फेब्रुवारी

शेवटचा घाट कारभारींच्या बैलांनी ओढला. अंगणात सगळं गाव जमलं. गोणपाट टाकायला कुणी सांगितलं नाही.

बाळ केवढं झालं आहे. माझं बोट धरलं, सोडेना. छबू हसली. ती हसते तेव्हा मला सगळं जमेल असं वाटतं.

मग ती म्हणाली, तुमी इकडं आला, म्हशीची धार कोन काडतंय?

मी गाडीची माहिती द्यायला सुरुवात केली. सुपरचार्जर म्हणजे काय इथपर्यंत आलो. ती म्हणाली, म्हैस कुठं हाय? मी सांगितलं. पारडी? तेही सांगितलं. ओरडली असती तर परवडलं असतं. तिने बाळाच्या मुठीतून माझं बोट हळूच सोडवलं आणि आत गेली.

६ फेब्रुवारी

घरात माझ्याशी सगळे फार आदराने वागतात. काळजीचं लक्षण.

सायंकाळी सासऱ्यांनी बोलावलं. छबू दाराआड उभी. कारभारी म्हणाले, जावईबापू, पोरीनं ठरवलंय, मी न्हाई. बोरन्हान तुमच्याच वट्यावर हुईल, तिनं तिच्या सासूबाईंना शब्द दिलाय. ती जाईल. तुमी हितं ऱ्हा. गोठ्यात चार म्हशी हायेत, गडी सोडून गेलाय. वरीसभर राबा, त्यातली एक घिऊन जा.

मी म्हणालो, माझा व्यवसाय आहे, मला मिरजगावला जावं लागेल. दाराआडून आवाज आला, सायकली मी बगते.

आत जाऊन मी तिला म्हणालो, छबू, मला पोराजवळ बसायचं होतं गं. ती म्हणाली, मला बी तेच पायजे हुतं. तेवढंच बोलली. डोळे पुसले, मग कपडे घड्या करायला घेतले.

७ फेब्रुवारी

साडू अँबॅसडर घेऊन आला, सोबत मेव्हणी. पुढे तो, मागे छबू, बाळ, मेव्हणी. दुधाची सोय म्हणून कारभारींनी एक शेळी दिली. तिलाही मागे पायाशी जागा झाली. मी मागून हात केला. काचेतून शेळी बघत होती.

माझ्या गाडीत कोंबड्या बसायला लागल्या आहेत. तात्पुरतं.

१० फेब्रुवारी, रथसप्तमी

पहाटे धारा. एकीने लाथ मारली. शेण उचललं. आज तिकडे बोरन्हाण.

विचार: सुपरचार्जर काढून विकला तर एका म्हशीचं पुढचं अंग तरी येईल. कारभारींना विचारलं. ते म्हणाले, आदी वैरन टाका.

१२ फेब्रुवारी

साडू परतताना वाट वाकडी करून मुद्दाम इकडे आला. कार्यक्रम छान झाला. काळं झबलं, हलव्याचे दागिने, पोरगं अजिबात रडलं नाही. आळीतल्या सगळ्या बायका आल्या होत्या, लंकाबाईसुद्धा. दुकान छबूने दुसऱ्याच दिवशी उघडलं.

मी विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाली?  त्याने खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून हातात दिली. ओट्यावर पोरांची झुंबड उडाली होती, तेवढ्यात छबूने पोराच्या मांडीवरची मूठभर बोरं माझ्यासाठी बाजूला काढून ठेवली होती.

गोठ्यात बसून एकट्याने खाल्ली. दोन किडकी निघाली. तीही खाल्ली.