आदिनाथच्या सिनेमातलं ताट

१७ मे, रविवार

अधिक महिना लागला आणि माझ्या धाकट्या भावाचा, आदिनाथचा सिनेमाही लागतोय! शुक्रवारपासून, परभणीत. शेजारच्या मुंजाजीनं मोबाइलवर पोस्टर आणून दाखवलं. मधे भिंत, दोन बाजूंना पाठ फिरवलेले दोन म्हातारे भाऊ, वर चांदीचं ताट. खाली — ‘न बोलणाऱ्या घराची पोट धरून हसायला लावणारी गोष्ट’.

आई हसली. पुण्याला सिनेमा करायला गेला म्हणून सहा वर्षं लेकाचं नाव न काढणारे बाबासुद्धा चष्मा लावून बघत बसले. मी मात्र ताटाकडेच बघत राहिले. ताट! मेल्यानं ताटच घेतलं!

१८ मे

सेलूला आमच्या घरी असते तर शाळेचं काहीतरी निमित्त काढून घरीच बसले असते. सुटीत झरीला माहेरी आले आणि अडकले.

इथं तरी लिहून टाकते. आठ वर्षांपूर्वी अशाच अधिक महिन्यात दोन जावयांना धोंडे खाऊ घातले — माझा नवरा आणि माणिककाकांच्या भक्तीचा नवरा. भक्तीचं लग्न नवं, म्हणून तिच्या नवऱ्याला अनारशांसोबत चांदीचं ताट. माझ्या नवऱ्याला जर्मन सिल्व्हरचं, दिसायला तसंच. दोन्ही बाबांनीच घरच्या सामाईक पैशातून परभणीहून आणली, लाल कापडात बांधली. सेलूहून निघताना माझ्या सासूनं ऐकवलं होतं, ‘बघू, यंदा तरी काय देतेत तुजे वडील.’ मी देवघरात गेले आणि गाठोडी बदलली. दोन मिनिटांचं काम.

भक्तीच्या सासरी सराफानं सांगितलं, ही चांदी नव्हे. ताट परत आलं. काका चार माणसांत बाबांना म्हणाले, ‘तू चांदी आणलीच न्हाईस. दोन्ही खोटी आणलीस. चोर हायस!’ बाबांनी भवानीची शपथ घेतली. कुणी मानली नाही. अंगणात भिंत आली. मधले दोन अधिक महिने आमच्याकडे धोंडे झालेच नाहीत.

मी एक शब्द बोलले असते तर! बाबा आठ वर्षं चोर म्हणून जगतायत आणि खरं ताट सेलूला माझ्या कपाटात आहे.

हे फक्त आदिनाथला ठाऊक. गेल्या राखीपौर्णिमेला फोनवर मीच सांगितलं. मी रडत होते, तो हसत होता.

२० मे

आदिनाथ फोन उचलत नाही. मेसेज आला — ‘अक्का, आधी बघ.’

बाबांना म्हटलं, ऊन लय आहे, बीपीच्या गोळ्या चालू आहेत, नका जाऊ. ‘माज्या घरावर सिनेमा काढलाय अन् मीच बघू नको? मंजू, तू कशापायी इतकी घाबरायलीस?’ — आणि माझ्याकडे बघत राहिले. मी भांडी घासायला पळाले. घासलेलीच परत घासली.

२२ मे

काकाही रविवारीच जाणार. भिंतीपलीकडून काकू मोठ्यानं सांगत होती, मुद्दाम!

२३ मे

बाबांना आधीच सांगून टाकायचं ठरवलं. चहा घेऊन गेले. ते इस्त्रीचा सदरा काढून ठेवत होते, उद्यासाठी. कप ठेवून परत आले. भित्री! भित्री!

२४ मे, रविवार

बाबा तिसऱ्या रांगेत, काका पाचव्या. सिनेमातला बाप राग आला की आधी चप्पल शोधतो, अगदी बाबांसारखा — बाबा स्वतःच खदाखदा हसले! मी ताटाची वाट बघत होते. आलं. देवघर, लाल कापड, दाराशी कुणीतरी. मी डोळे घट्ट मिटले. टॉकीजभर हशा. उघडले तर पडद्यावर मुलगी नव्हतीच! घरचा धाकटा मुलगा होता. तो खोटं ताट ठेवतो, खरं विकून कॅमेरा घेतो.

आदिनाथनं सगळं स्वतःवर घेतलं. सुटले! देवा, सुटले! बाहेर येऊन उसाचा रस प्यायले, दोन ग्लास.

बाबा मात्र बराच वेळ खुर्चीवरून उठेनात.

२५ मे

काका आज आमच्या दारातून आत आले. आठ वर्षांत पहिल्यांदा. ‘दादा, माजं चुकलं.’ बाबांनी बाजेवर जागा करून दिली. दोघंही रडले, आईही, मीही. वाटलं, झालं सगळं छान.

मग काका म्हणाले, ‘पोरानं बापाला चोर केलं, अन् वर जगाला हसवायलाय.’

बाबा म्हणाले, ‘मेला तो मला. माज्या मयतीलाबी यायचं न्हाई त्यानं.’

आई पदर तोंडाला लावून आत गेली. आठ वर्षांनी दोघा भावांचं एकमत झालं, ते यावर!

आदिनाथनं फोन उचलला. ‘बोलायलेत ना दोघं? मग झालं की, अक्का. तसंबी मला कोण बोलवायलंय तिथं?’ हसला. मला ते हसणं ऐकवेना.

आजची भीती वेगळीच आहे. गप्प बसले तर माहेर मला राहील, त्याला नाही. बोलले तर — माहीत नाही.

२६ मे

सांगितलं. दोघांसमोर, उभ्यानं.

बाबांनी आधी आदिनाथला फोन लावला. ‘ये घरी,’ एवढंच म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, ‘सेलूची गाडी किती वाजता हाय तुजी?’