पोत्याचं तोंड

मंगळवार, सांज. हुमनाबाद

आज आमच्याच न्हाणीत नाग निघाला, अन् मी तिकडं मन्नाएखेळ्ळीला ढाब्यावर धामण धरायलो होतो. माझा फोन लागंना म्हणून बायकोनं बसवराजला बोलावलं. साप धरायचं माझंच बघून शिकलेला माणूस! नाग धरला, बरंच झालं. पण पोत्याचं तोंड हिनं धरलं म्हणे. माझं पोतं! बारा वर्षांत माझ्यासाठी एकदा तरी धरलं का? आता तेच पोतं धुऊन तारेवर घातलंय. कामून सारखं तिकडंच बघायलोय मी?

शेवटी विचारलंच, "भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की. पण त्यो म्हणला, 'वैनी, भिऊ नका, मी हाय.' तुम्ही नुस्तं 'सरक बाजूला' म्हणता."