चष्मे मिळाल्याची वही

दिंडोरी, ८ फेब्रुवारी

प्रिय आईस,
संघर्षचा सविनय जयभीम. आपल्या धाकट्या स्नेहाने हे पत्र तुला एकटीलाच वाचून दाखवावे.

मी बरा आहे, जेवण वेळेवर मिळते. परदेशी जाणारी द्राक्षे सडू नयेत म्हणून आम्ही पेटीत गंधकाचा कागद ठेवतो. त्याने डोळे चुरचुरतात, माझे थोडेच. माझ्यासोबत पेट्या भरणाऱ्या आपल्या शेजारच्या चांगुणा मावशीला मात्र आता धूसर दिसते.

उद्या परदेशातले साहेब तपासणीला येणार आहेत. माझे अक्षर चांगले म्हणून सुपरवायझरने माझ्याकडून वहीत लिहून घेतले, की सर्वांना डिसेंबरपासूनच डोळे चहूबाजूंनी झाकणारे चष्मे दिले आहेत. चष्मे आज आले. उद्या संध्याकाळी परत घेणार आहेत. मावशीला उद्या खोलीवरच थांबायला सांगितले आहे.

तिचाही अंगठा वहीत हवा होता. "कुठं लावू रं? दिसंना मला, तूच धर हात," म्हणाली. मी धरला.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस.

उद्या साहेबांनी वही उघडली, की मी मावशीला खोलीवरून घेऊन येणार आहे. मग मला इथे ठेवतील असे वाटत नाही. दळण एका माणसाचे जास्त टाक.

तुझा,
संघर्ष