बोटीवरून दिसलेला ब्रह्मदेश

आई, तुझ्या देशावरचं ते पुस्तक आज पुन्हा वाचलं आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाही. चहा टाकला, तो गार झाला. दोनदा उगाचच गॅलरीत जाऊन आले.

पुस्तक दादांनी पुण्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलं होतं. इरावतीच्या बोटींवरची फिटरकी सोडून, लग्न करायचं म्हणून तुला घेऊन ते इकडे परतले त्याला बरीच वर्षं झाली होती. पिंपरीला औषधांचा कारखाना नवा निघाला, त्यात ते लागले, आणि आपण चिंचवडगावात एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन राहत होतो. तू त्यांच्यामागे लागली होतीस, एकदा मला माझ्या आईला भेटवून आणा म्हणून. तिकडे बंडाळी माजलीय, जाता येत नाही, असं ते म्हणायचे. म्हणून मग हे पुस्तक, एका इंग्रजानं प्रवाशांसाठी लिहिलेलं. "घे, बसल्या जागी माहेर," असं म्हणत रविवारी सकाळी ते एकेक वाक्य मराठीत सांगू लागले.

तू भाकरी थापत होतीस. घरमालकीणबाई दारात तांदूळ निवडत ऐकत होत्या. रंगूनचा सोन्याचा कळस आला, राजवाडा आला. तिथली माणसं सदा हसरी, थोडी आळशी, असं आलं तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या, "मंग आमच्या ह्या बायला काय झालंय? हिला हसताना म्या कवा बघितली न्हाई."

तू त्यावरही हसली नाहीस. "माझं गाव कवा येतंय?" एवढंच विचारलंस. तुझं मराठी सगळं मालकीणबाईंच्याच तोंडून उचललेलं.

गाव आलं. दोनच वाक्यं. बोट इथे लाकूडफाटा भरून घ्यायला थांबते. पाहण्यासारखं काही नाही, प्रवाशाने खुर्ची सोडण्याचं कारण नाही.

"परत वाचा," तू म्हणालीस. दादांनी परत वाचलं. तव्यावरची भाकरी करपली.

"खोटं लिवलंय व्हय गं?" मालकीणबाईंनी विचारलं.

"न्हाई. बोट लाकडालाच थांबायची. पर ह्यो माणूस खाली उतरलाच न्हाई. धक्क्यावर माझी आई मासळीचा रस्सा इकायची, शेवया घालून. वासावर समदी बोट खाली यायची." मग तू दादांकडे वळलीस. "तुमी बी उतरलाच की."

दादांनी पुस्तक मिटलं. तू उठलीस आणि पिठाच्या हातांनीच चालू लागलीस. मी तुझ्या मागे. स्टेशनच्या बाकावर तू बसतेस, हातावरचं पीठ वाळून पांढरं पडतं. गाडी येते.

"ही कुठं जाती?"

"लोणावळ्याला."

"मंग नगं," तू म्हणतेस आणि बसून राहतेस. दादा येतात, तुझ्या शेजारी बसतात. "येत्या थंडीत जाऊ," ते म्हणतात. तू त्यांच्याकडे नीट बघतेस आणि घराकडे चालायला लागतेस.

त्यांनी खरंच खटपट केली. परवानगी काही मिळाली नाही. मग आजी गेल्याचं कळलं आणि तू विचारणं सोडलंस. मी कॉलेजात असताना तूही गेलीस.

गेल्या वर्षी मी तुझ्या गावी जाऊन आले. बोट टेकली तशी सगळ्यांच्या आधी उतरले. माणसं हसरी होती खरी, आळशी मात्र कोणी दिसलं नाही. धक्क्यावरच्या एका म्हातारीनं माझा चेहरा बराच वेळ न्याहाळला आणि वाटाड्याला काहीतरी विचारलं.

"तुम्ही कुणाच्या, असं विचारतेय," तो म्हणाला. "आईचं नाव सांगा."

मी सांगितलं. तिनं नकारार्थी मान हलवली. मी पुन्हा सांगितलं, सावकाश. मग माझ्याच ध्यानात आलं, ते तर लग्नात दादांच्या घरच्यांनी ठेवलेलं नाव. त्याआधी तुला काय म्हणत, ते तू कधी बोलली नाहीस, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. बोटीचा भोंगा वाजेपर्यंत ती म्हातारी माझा हात धरून उभी होती.

हा कागद मी पाकिटात घालणार नाही. वर लिहायला माझ्याजवळ फक्त आम्ही ठेवलेलं नाव आहे.