अठरा थाऊंची फट

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारक्याचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण कारण ऐकलंस तर कान पिळणार नाहीस. दातांच्या डॉक्टरांची ती लाल स्पोर्ट्स कार, तिचं इंजिन मालकांनी अख्खं माझ्यावर सोपवलंय. डोंगररस्त्याची शर्यत एकवीस तारखेच्या रविवारी आहे आणि डॉक्टरांना यंदा पहिलं यायचंय. आजवर या गॅरेजात मी म्हणजे कार्बोरेटर साफ करणारा. आता सिलेंडर मोठे करून आणले, नवे पिस्टन मागवले, इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणातली, म्हणजे हेडमधली, हवेची वाट हाताने घासून आरशासारखी केली. बोटांची सालं निघालीत, आईला सांगू नकोस. इंजिन जमलं तर इंजिनकामाचा मुख्य मी, असं मालक चारचौघांत म्हणालेत.

एका ठिकाणी मात्र गाडं अडलंय. पिस्टनवरच्या रिंगेच्या दोन टोकांत फट किती सोडू? कंपनीच्या पुस्तकात बारा थाऊ आहे, इंचाचे बारा हजारांश, म्हणजे जेमतेम चार केसांची जाडी. पण ते सरळमार्गी इंजिनासाठी. आमचं जास्त तापणार, तशी रिंगही जास्त वाढणार. तू आणि बाबांनी शर्यतीची पाच इंजिनं बांधलीत, तुझ्याहून जास्त हे कोणाला कळणार? तेवढा आकडा कळव, मग सगळं जोडून इंजिन बंद करतो.

आईला नमस्कार. लोभ आहेच, त्यात आकड्याची भर घाल.
तुझा,
बारक्या

९ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आईने माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं आणि चौथ्यांदा शेजारच्या काकूंना बोलावून ऐकवलं. तेव्हापासून या घरात लाल गाडीशिवाय विषय नाही. परवा मी डेपोत दिवसभर उभी राहून एका बसचं इंजिन बांधलं, आल्यावर तिला सांगायला गेले, तर म्हणाली, हातपाय धुऊन जेवून घे.

मोठा माणूस झालास की रे. हेड घासायला कोणी शिकवलं, ते मालकांच्या कानावर घातलंस का? सहज विचारते. तुझ्या हाती कानस द्यायची म्हणजे आधी पट्टी आणि मलम काढून ठेवावं लागायचं. सहा वर्षांपूर्वी मालकांनी बोलावणं धाडलं होतं ते मला, हेही तुला आठवत असेलच. बाबा अंथरुणाला खिळले होते म्हणून मी तुझं नाव पुढे केलं. बोलून दाखवायचं नव्हतं, लिहिता लिहिता निघून गेलं.

आमच्या बसेस गुणी आहेत. आवाज मोठा, पण कुठे जायची घाई नाही. पुढच्या खोलीला रंग दिला. आईचा गुडघा बरा आहे आणि काकूंच्या थोरलीचं लग्न ठरलं. बोटांना तेल लावत जा.

लोभ असू दे, नाव झाल्यावरसुद्धा.
तुझी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टोमणे पोचले, रंगाची बातमीही पोचली. रिंगेचं मात्र काहीच लिहिलं नाहीस. मी दोन दिवस विचार केला. मग म्हटलं, बारा थाऊ चुकीचं असतं तर ताईने आकाशपाताळ एक केलं असतं. ती गप्प बसली, म्हणजे बारा बरोबर. तेवढीच फट सोडून इंजिन बंद केलं.

काल यंत्रावर चढवून ताकद मोजली. एकशे दहा घोड्यांची गाडी, आता दीडशेला दोनच कमी! मालकांनी सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली. इतकी जोरात की चहा सांडला. तू असतीस तर तुलाही आनंद झाला असता. आणखी एक गंमत म्हणजे शर्यतीत डॉक्टरांच्या शेजारच्या सीटवर मी बसणार आहे, वळणं वाचून दाखवायला. आईला शर्यत संपल्यावरच सांग.

लोभ आहे हे गृहीत धरून चालतो, बारा थाऊंसारखंच.
तुझा,
बारक्या

१७ फेब्रुवारी

चि. बारक्यास,

आशीर्वाद नंतर. आधी इंजिन उघड.

अठरा थाऊ पाहिजेत. बाराला रिंगेची टोकं तापून एकमेकांना भिडतात. मग रिंग मोडते, पिस्टन जागच्या जागी आवळला जातो आणि धावत्या गाडीची चाकं अडकतात. बाबांच्या पहिल्या इंजिनाचं हेच झालं होतं. नशिबाने ते सपाट मैदानात झालं. तू डोंगराच्या वळणावर असशील.

मी विसरले नव्हते. तुझं पत्र आलं त्याच दिवशी अठरा हा आकडा कागदावर लिहिला होता. मग तो कागद पिठाच्या डब्याखाली सरकवला आणि तुला रंगाची बातमी लिहिली. मला तुझा हेवा वाटतो, बारक्या. आज नाही, सहा वर्षं वाटतोय. तुझं पत्र आलं की आईचा चेहरा उजळतो आणि माझ्या पोटात दुखतं. ती गाडी माझ्या हातांची होती, ती थाप माझ्या पाठीची होती, हेच सारखं मनात येतं. वाटलं, एकदा याचं इंजिन बसू दे, मग मालकांना कळेल आपण कोणाला बोलवायला हवं होतं. फक्त इंजिन बसेल, अशी मनाची समजूत घातली. तू आत बसशील हे डोक्यातही आलं नाही. आलं असतं तर नऊ तारखेला खरं लिहिलं असतं, असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. त्याचीच मला भीती वाटते.

आईला यातलं काही ठाऊक नाही. तुला तिला सांगायचं असेल तर सांग, मी अडवणार नाही.

लोभ मागायला तोंड राहिलेलं नाही.
ताई

२४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र शुक्रवारी सकाळी मिळालं. डॉक्टर गाडी न्यायला आले होते. मी चावी खिशात टाकली आणि म्हटलं, इंजिन उघडणार. मालक ओरडले, डॉक्टर लालबुंद झाले, मी हेड काढून पिस्टन बाहेर ओढले. चारपैकी दोन सिलेंडरांच्या रिंगांची टोकं घासून चकाकत होती. मालकांनी त्यातली एक रिंग उजेडात धरून बराच वेळ पाहिली आणि ओरडायचे थांबले.

मग विचारलं, कोणाच्या सांगण्यावरून उघडलंस. मी तुझं नाव सांगितलं. आधी का नाही विचारलं, म्हणाले. टपालाला उशीर झाला, असं मी सांगितलं. रविवारची शर्यत हुकली, आता पुढची तीन आठवड्यांनी दुसरीकडे आहे. इंजिन तू बंद करायचंस, असा त्यांचा हुकूम आहे, आणि मुख्याच्या जागेबद्दलही ते तुझ्याशीच बोलणार आहेत. मला सुटे भाग धुवायला बसवलंय.

मला राग आला. दोन दिवस जेवण गेलं नाही. राग गेला तेव्हा खाली काय उरलं सांगू? हेवा. सिलेंडर मी मोजले, हेड मी घासलं, सालं माझी निघाली, आणि तू घरी बसून एक आकडा लिहिलास नि तूच मोठी झालीस. तोही उशिरा लिहिलास! ये. तुझ्याशिवाय हे नीट बंद होणार नाही, हे मला कळतं. पण हसतमुखाने बोलावतोय असं समजू नकोस.

आईला काही सांगितलेलं नाही.
लोभ शोधून ठेवतो, सापडला तर देईन.
बारक्या

१ मार्च

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

आठ दिवसांची रजा टाकली आहे. गुरुवारी सकाळच्या गाडीने पोचते. आईजवळ काकू राहतील.

टपालाला उशीर झाला नव्हता, हे मालकांना मी स्वतः सांगणार आहे, इंजिनाला हात लावायच्या आधी. त्यावर त्यांनी हाकललं तर उलट्या गाडीने परत जाईन, अठराचा आकडा तुझ्याजवळ आहेच. ठेवून घेतलं, तर तू सुटे भाग धुवायचे नाहीस. मालक ओरडत असताना बंद इंजिन उघडणारा माणूस माझ्या शेजारी उभा राहणार, नाहीतर मी कानस उचलणार नाही.

तुला माझा हेवा वाटतो, ते वाक्य मी दोनदा वाचलं. आईला पत्र ऐकवताना गाळलं, पुढचं मागचंही बरंच गाळलं, आणि मग एकटीने तिसऱ्यांदा वाचलं. खोटं कशाला बोलू, गोड लागलं. सहा वर्षं मी एकटीच जळत होते. आता सोबत झाली.

लोभाचं समोरासमोर बघू. स्टेशनवर घ्यायला ये.
तुझी,
ताई